'इन लिम्बो'ची खरी वाक्यं

इंग्लिश स्पीकिंगचा क्लास घेतला की किस्से साठतात, घरातल्या डब्यांच्या झाकणांसारखे. कुठलं कोणाचं, नंतर जुळत नाही. पण 'इन लिम्बो' शिकवलं त्या आठवड्यातले सगळे मला नेमके आठवतात. त्या शब्दानंतर क्लासमधल्या फिलोमिना मावशींना जेवण जाईना.

क्लास होळी बाजारात, बायकांचा, दुपारचा. नियम माझाच: नवा शब्द शिकला की प्रत्येकीने स्वतःच्या घरचं एक खरं वाक्य सांगायचं. मी अर्थ सांगितला, "ना इकडे ना तिकडे. निर्णय दुसऱ्याच्या हातात, आपण नुसतं थांबायचं."

रूपालीचा हात पहिला. "टीचर, आमची बिल्डिंग इन लिम्बो. टॅक्सच्या यादीत आहे, पाण्याच्या यादीत नाही!"

*

करुणा अर्णाळ्याची. मुलाकडचे तिला बघून गेले त्याला आठ महिने झाले.

"'कळवतो' बोलले. कळवत नाय. पन मुलगा माझ्या प्रत्येक स्टेटसला हार्ट देतो!"

सगळ्या हसल्या. करुणा सगळ्यांच्या नंतर हसली.

*

"टीचर, आता तुम्ही!"

माझ्या लग्नाला चार महिने झालेत. म्हटलं, "माहेरच्या रेशनकार्डावरून नाव उडालंय, सासरच्या कार्डावर अजून चढलेलं नाही."

"मग सध्या तुमचा तांदूळ कोण खातं?" रूपालीने विचारलं.

घरी हौसेने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "असं बाहेर कशाला सांगितलंस?"

*

फिलोमिना मावशी वटार गावच्या, भाजीच्या वाडीवाल्या. नातवंडांशी बोलता यावं म्हणून सत्तरीत क्लासला आलेल्या. त्यांनी वाक्य केलंच नाही. वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी आल्या.

"टीचर, हा शब्द मला ठाव हाय. लहानपनी धर्माच्या वर्गात शिकवलेला. बाप्तिस्मा न झालेली पोरं तिथं राहतात. स्वर्गात नाय, नरकात नाय."

त्यांचा पहिला मुलगा दोन तास जगला. फादर पोचायच्या आत गेला. बिननावाचाच, कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरला.

"तुमी बोलला, नुसतं थांबायचं. मंजे अजून तिथंच हाय का तो?"

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर त्यांच्यासोबत फादरांकडे गेले. फादर तरुण, हळू बोलणारे.

"मावशी, आता तसं शिकवत नाहीत. तुमचं बाळ देवाच्या दयेत आहे, अशी आशा आपण धरतो. काळजी सोडा."

मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सोडते. पन फादर, त्याला तिथून हलवला कवा? मी अजून रोज तिथंच प्रार्थना धाडते!"