मध्ये जागा सोडणारे नाना

नाना आमच्यात आले ते भिंतीसाठी. माणसांची त्यांना फारशी हौस नव्हती, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"मला फक्त ती लांब भिंत द्या," ते म्हणाले. "मी तुमच्या अध्यातमध्यात येणार नाही."

आमची जागा म्हणजे बंद पडलेला बर्फाचा कारखाना. ती कोणी घेत नव्हतं आणि आम्हाला दुसरी कोणी देत नव्हतं, अशी आमची सोयरीक जुळली होती. भिंती हातभर जाड. दार इतकं जड की उघडायला खांदा लावावा लागे. बर्फाचं पाणी वाहून जावं म्हणून फरशीला दोन्ही बाजूंनी मधल्या गटाराकडे उतार होता. त्यामुळे कुणाच्याही हातून पडलेली पेन्सिल किंवा डबीचं झाकण घरंगळत मध्यावर जायचं. काही हरवलं की सगळे तिथेच वाकून शोधायचे. आमची निम्मी ओळख त्या गटाराच्या काठावर झाली.

एका कोपऱ्यात ताईंचं चाक आणि भट्टी. त्या मातीची भांडी करायच्या आणि मनात आलं की माणसांचे पुतळे. खिडकीपाशी एक लाकूड कोरणारा बसे. तो दिवसभरात जेमतेम चार शब्द बोलायचा, म्हणून त्याचं नाव बडबड्या. आणि मी, सगळ्यांत धाकटी, लाकडी ठशांवरून चित्रं छापणारी. नुकतीच शिकून बाहेर पडले होते आणि आपल्याला सगळं येतं अशा समजात होते.

नाना साठीच्या घरातले. फोटो स्टुडिओत माणसांच्या मागे जे रंगवलेले पडदे असायचे, ते त्यांचं काम. तळं आणि त्यावर चंद्र, संगमरवरी जिना, कारंजं असलेली बाग. कितीतरी घरांच्या भिंतीवर नवराबायको आजही नानांच्या तळ्याकाठी उभी असतील, आणि नाना कोण हे त्यांच्या गावीही नसेल. पुढे लोक आपापल्या फोनवर फोटो काढू लागले. एकेक स्टुडिओ बंद झाला, आणि ज्या पत्र्याच्या शेडमध्ये नाना पडदे रंगवायचे तीही गेली. हात मात्र थांबेना.

"सवय आहे," ते म्हणायचे. "व्यसन असतं तर सोडलं तरी असतं."

त्यांच्यामागोमाग काकू आल्या. मांजरपाटाचे पट्टे एकमेकांना जोडून पडदा शिवायचं काम लग्न झाल्यापासून त्यांचंच. भिंतीच्या टोकाला त्यांनी शिलाई मशीन मांडलं आणि बघता बघता घर मांडलं. ताईंना मातीकामाचा अंगरखा शिवला, बडबड्याच्या हत्यारांना कप्प्यांची पिशवी केली, माझ्या फाटक्या ब्लाउजला न विचारता ठिगळ लावलं. नाना कुणाशी बोलत नसत. ती कसर काकू व्याजासकट भरून काढत.

आमच्यात एक रिवाज होता. शनिवारी दुपारी ज्याने त्याने आपलं काम मधोमध आणून ठेवायचं आणि बाकीच्यांनी काय दिसतं ते सांगायचं. कौतुक करायचं नाही. नाना पुष्कळ दिवस काही ना काही निमित्त काढून सटकत. शेवटी ताईंनी त्यांना दारातच गाठलं.

"नाना, भिंत फुकट मिळत नसते," त्या म्हणाल्या. "दाखवा काय केलंय ते."

त्यांनी नवा पडदा सोडला. वळण घेत जाणारी नदी, दोन्ही काठांना झाडं, लांबवर लाकडी पूल. पाण्यावरचा उजेड तर असा की हात लावून बघावासा वाटावा. आम्ही बघत राहिलो.

"सुंदर आहे," मी म्हणाले. "पण मध्ये काहीच नाही."

नानांना माझं बोलणं कळेचना. "मध्ये कसं असेल? तिथे गिऱ्हाईक उभं राहतं."

मशीनमागून काकू म्हणाल्या, "अहो, आता कोण येणार आहे उभं राहायला?"

नानांनी पडदा गुंडाळला, छत्री घेतली आणि निघून गेले. आठवडाभर फिरकले नाहीत. काकू मात्र रोज येत होत्या. "रुसलेत," त्या म्हणायच्या. "घरात माझ्या डब्यांची झाकणं नीट लावतायत. ती संपली की येतील."

झाकणं संपली असावीत, कारण पुढच्या सोमवारी ते आले. भिंतीकडे गेले नाहीत. स्टूल उचलून ताईंच्या चाकापाशी नेलं आणि बसले.

"मला माणूस काढता येत नाही," ते हळूच म्हणाले. "कधी लागलाच नाही. तो आपणहून चालत यायचा."

ताईंनी मान वर केली नाही. "मला झाड जमत नाही. हात पुढे करा." आणि त्यांच्या ओंजळीत मातीचा गोळा ठेवला. "आधी डोकं. कुंचला नंतर."

पहिलं डोकं वांग्यासारखं झालं, दुसरं त्याहून वाईट. बडबड्या दुरून बघत होता. काही दिवसांनी त्याने नानांच्या टेबलावर एक लाकडी बाहुला आणून ठेवला. मान, कोपर, कंबर, सगळं वळवता येणारा. "बसवून बघा," एवढंच म्हणाला. त्या दिवशीचे त्याचे शब्द तिथेच संपले. मी समोर बसून हात काढू दिले. माझी बोटं त्यांनी इतक्यांदा काढली की माझी मलाच अनोळखी वाटू लागली.

मी दिलं त्याहून जास्त मी घेतलं. एकदा माझं ताजं छापलेलं चित्र हातात धरून ते म्हणाले, "हा मागचा डोंगर एवढा काळा का? त्याला काय तू हाक मारणार आहेस? लांबचं फिकट ठेव, त्याला लांब राहू दे." शाई कशी पातळ करायची ते त्यांनी शेजारी उभं राहून दाखवलं. माझ्या चित्रांत हवा खेळू लागली ती तेव्हापासून.

अशी दोनेक वर्षं गेली. मग भिंतीवर एक मोठा पडदा चढला आणि त्याच्यावर चादर. नाना काकू येण्याआधी काम करायचे, काकू आल्या की चादर ओढायचे. काकूंना वाटलं, पुन्हा तळंच असेल.

एका शनिवारी त्यांनी चादर काढली. मध्ये काकू होत्या. मशीनवर वाकलेल्या, दातांत दोरा, मांडीवरून ओघळणारं पांढरं मांजरपाट. मागे चंद्र नाही, जिना नाही; आमचीच ओल धरलेली भिंत, तिच्या पोपड्यांसकट. हात जरा लाकडी होते. पण मान वाकवायची ती पद्धत काकूंचीच, दुसऱ्या कुणाची नव्हे.

काकूंनी पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. "नाक माझं नाही," त्या म्हणाल्या.

"तुझंच आहे."

"एवढं मोठं?"

ताई हसल्या. काकू हसल्या नाहीत. पुढे जाऊन त्यांनी पडद्याची शिवण चाचपली, स्वतःच घातलेली. "एवढे पडदे शिवले," त्या म्हणाल्या, "एकाहीपुढे माझा फोटो नाही."

नाना गडबडले. "माझ्या लक्षातच आलं नाही गं."

"माझ्या तरी कुठे आलं," काकू म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या. कापड सुईखाली घेतलं, पण मशीन काही सुरू झालं नाही.

त्यानंतर नानांनी फक्त माणसं रंगवली. कोपऱ्यावरचा किल्लीवाला, पोस्टमन, भट्टीसमोर घामाघूम झालेल्या ताई. एकदा आम्ही कारखाना झाडून लोकांना बघायला सगळ्यांची कामं मांडली, तेव्हा किल्लीवाला घरच्यांना घेऊन आला आणि स्वतःच्या चित्राशेजारी ताठ उभा राहिला. नाना दिवसभर त्याच्याच आसपास घुटमळत होते.

पुढे त्यांना दम लागायला लागला आणि एका हिवाळ्यात ते गेले. दुसऱ्या वर्षी कारखाना पाडला. ताई लेकीकडे राहायला गेल्या, बडबड्या दारं-खिडक्या करतो. मला आता स्वतंत्र खोली आहे. उजेड चांगला, फरशी सपाट. दिवसदिवस कुणी व्यत्यय आणत नाही, आणि त्याची सवय अजून झालेली नाही.

परवा काकूंकडे गेले होते. पडदा बैठकीच्या खोलीत टांगलाय, पण छत बुटकं, त्यामुळे खालचा भाग गुंडाळूनच ठेवावा लागतो.

"उंच भिंत बघू या का कुठे?" मी विचारलं. "तुमचे पाय झाकले गेलेत."

"राहू दे," काकू म्हणाल्या. "पाय त्यांना कधीच जमले नाहीत."