शेवंताक्कांच्या सात बसगाड्या, एक बोट

शेवंताक्का बसमध्ये चढण्याआधी ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभ्या राहत आणि मान वर करून विचारत, "जेवलायस काय रं?" ड्रायव्हर ओळखीचा असो वा नसो. तो हो म्हणाला तर त्या चढत. नाही म्हणाला तर पिशवीतली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खिडकीतून आत जाई, आणि त्याने चार घास खाल्ल्याशिवाय आक्का पायरीवर पाय ठेवत नसत. मागे माणसं खोळंबत. कुणी कुरकुरलं तर त्या शांतपणे म्हणत, "उपाशी माणसाच्या हातात चाळीस जीव द्यायचं नसतंय."

बेळगावच्या वडगावात त्यांचं घर आमच्या घराला लागून. मी लग्न होऊन कंग्राळीहून इथे आले, शाळेत शिक्षिका झाले, तेव्हापासूनची ही शेजारीण. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग. माग आप्पा चालवत, म्हणजे त्यांचे यजमान. आक्का सुताच्या कांड्या भरत, आणि आठवड्यातून दोनदा साड्यांचं गाठोडं घेऊन बसने संकेश्वर, निपाणी करत. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायका त्यांच्या ठरलेल्या गिऱ्हाईक. तीस वर्षं हा रस्ता त्यांनी इतक्या वेळा केला होता, की खिडकीबाहेर न बघता नुसत्या वळणांवरून त्या गाव सांगत. कंडक्टरशी कन्नडात भांडत, ड्रायव्हरशी मराठीत, आणि शेजारच्या परक्या प्रवाशाशी एका हिंदीत, जी फक्त त्यांनाच येत होती.

रेल्वेत मात्र त्या बसत नसत. त्याला कारण होतं. मुलगी ज्योती चार वर्षांची असताना त्या तिला घेऊन लोंढ्याहून गाडीने परत येत होत्या. गुंजीला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली. आक्का पाणी भरायला उतरल्या आणि गाडी सुटली. खिडकीत ज्योती, खाली आक्का. फलाट संपेपर्यंत त्या धावल्या. मग रस्त्यावर येऊन त्यांनी पहिल्या बसला हात केला. त्या ड्रायव्हरने त्यांचं बोलणं ऐकलं आणि मधे कुठे न थांबता गाडी खानापूरला नेली. ज्योती तिथल्या स्टेशन मास्तरांच्या टेबलावर बसून बिस्कीट खात होती. पण त्या अर्ध्या तासाने आक्कांना कायमचं काहीतरी करून ठेवलं. "रेल्वेला हाक ऐकू येत न्हाय," त्या म्हणत. "बसला निदान डायवर असतोय."

ज्योती पुढे बंगळुरूला नर्स झाली. तिथेच बरोबर काम करणाऱ्या दीपेनशी तिने लग्न केलं. दीपेन आसामचा, ब्रह्मपुत्रेच्या पात्रातल्या माजुली बेटावरचा. आप्पांनी तिला दारातूनच परत पाठवलं आणि या घरात तिचं नाव निघणार नाही, असं सांगितलं. दोन वर्षं ते निघालं नाही. ज्योती मला फोन करायची, मी फोन भिंतीवरून पलीकडे द्यायची आणि आक्का धुण्याच्या दगडापाशी बसून हळू आवाजात बोलायच्या. दीपेनची आई एकटी पडली म्हणून दोघं माजुलीला गेली, तिथल्या दवाखान्यात कामाला लागली. मग ज्योतीला दिवस गेल्याचं कळलं. नवव्या महिन्यात तिच्या अंगावर सूज आली, लांबचा प्रवास नको असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्या दिवशी आक्कांनी फोन बंद करून मला परत दिला आणि म्हणाल्या, "पयलं बाळंतपण आईकडं असतंय. ती येत न्हाय तर आईनं जायचं. तू हिंदी बोलतीस. चल माझ्यासंगट." आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. त्याच बोलीत त्यांनी आप्पांना सांगितलं, "मी चाललो." आप्पांनी माग चालूच ठेवला.

मला दसऱ्याची सुट्टी होती. विमानाचं नाव काढलं तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की मी तो विषय सोडला. बाळंतपणाला अजून तीन आठवडे होते. मी नकाशा काढून बसले आणि बेळगाव ते जोरहाट अशा सात बस जोडल्या. आक्कांनी डिंकाचे लाडू स्टीलच्या डब्यात भरले, दुपटी-टोपडी शिवली, जावयासाठी कुंदा ही बेळगावची मिठाई घेतली, आणि ड्रायव्हर लोकांसाठी चाळीस कडक भाकऱ्या.

हैदराबाद गाठेपर्यंत मलाच धाकधूक. पुढे मात्र मी आक्कांच्या मागून चालायला लागले. विशाखापट्टणमच्या बसवरचा ड्रायव्हर तेलुगू. आक्कांनी खिडकीखाली उभं राहून हाताने घास तोंडात घालून दाखवला. तो आधी हसला, मग त्याने मान हलवली, की नाही. भाकरी आत गेली. तुनीजवळ गाडी थांबली तेव्हा तो दोन्ही हातांत चहाचे पेले घेऊन आमच्या सीटपाशी आला आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. आक्का मान डोलवत ऐकत होत्या. तो गेल्यावर मी विचारलं, काय म्हणाला? "त्याची आई गेलीया म्हणं," त्या म्हणाल्या. त्यांना तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. खरं-खोटं मला आजही माहीत नाही, पण उतरताना त्या माणसाने आक्कांना वाकून नमस्कार केला होता.

भुवनेश्वरच्या अलीकडे बस बिघडली, दोन तास सगळे झाडाखाली बसलो. कोलकात्याला आक्कांचे पाय सुजले म्हणून एक दिवस धर्मशाळेत राहिलो. पुढच्या बसने गंगा ओलांडताना आक्का उभ्याच राहिल्या आणि पूल संपेपर्यंत हात जोडून होत्या. "आमची हिरण्यकेशी हिच्यापुढं पन्हळ गं," म्हणाल्या. मी सांगितलं, की ब्रह्मपुत्रा हिच्यासारखीच मोठी. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. ती ओलांडायला पूल आहे का, असं त्यांनी विचारलं. गुवाहाटीला आहे, पण माजुलीला जायला बोटच, असं मी सांगितलं.

सिलीगुडीच्या बसस्टँडवर दीपेनचा फोन आला. ज्योतीचा रक्तदाब वाढला होता, तिला दवाखान्यात दाखल केलं होतं, बाळंतपण आताच करावं लागेल असं डॉक्टर म्हणत होते. नदीला अवेळी पाणी चढलं होतं, त्यामुळे तिला पलीकडे जोरहाटला आणता येत नव्हतं. एवढं बोलून फोन तुटला, तो पुन्हा लागलाच नाही. मी आक्कांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी डबा उचलला आणि विचारलं, "रेल्वे लवकर जाती काय?"

आम्ही रिक्षाने स्टेशनवर गेलो. फलाटावर त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बांगडी रुतली. पण एक पाऊलही त्या मागे हटल्या नाहीत. गाडी सहा तास उशिरा होती. गुवाहाटीची बस मात्र अर्ध्या तासात सुटणार होती. आम्ही पुन्हा बसस्टँडवर आलो आणि ती बस धरली.

गुवाहाटी, मग जोरहाट, मग रिक्षाने घाट. पोचलो तेव्हा ऊन कलत होतं, आणि बोटी बंद होत्या. पाणी फार आहे, वारा आहे, सकाळी बघू, असं तिकीटवाला म्हणाला. समोर नदी म्हणजे नुसतं मातकट पाणी, पलीकडचा काठ दिसतच नव्हता. मी त्याला विनवायला लागले. आक्कांनीच मला बाजूला घेतलं. "त्याला जीव पलीकडं न्यायचं असतंय," म्हणाल्या, "घाई करू नको त्याला."

चहाच्या टपरीवाल्या बाईने आम्हांला बाकावर बसू दिलं. तिथे, पाण्याकडे बघत, आक्का पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलल्या, जेव्हा आप्पांनी ज्योतीला दारातून परत पाठवलं होतं. ज्योती उंबऱ्याबाहेर उभी होती आणि आत आक्का काम करत होत्या.

"ती माझ्याकडं बघत होती," त्या म्हणाल्या. "मी तोंड उघडायला पायजे होतं. मी नुसतं कांड्या भरत बसलो. आता तिला काय झालं, तर ती बघत असलेलंच माझ्या ध्येनात राहील."

मी त्यांचा हात धरून बसले. टपरीवाल्या बाईला भाषा कळली नव्हती, पण तिने आपली चादर आणून त्यांच्या खांद्यावर घातली.

सकाळी वारा पडला आणि पहिली बोट सुटली. खाली माणसं, वर मोटरसायकली, कोपऱ्यात कोंबड्यांची खुराडी. तासभर बोट त्या पाण्यातून तिरकी तिरकी जात होती आणि आक्का डबा मांडीवर धरून डोळे मिटून बसल्या होत्या. पलीकडचा काठ जवळ आला तसा मला दीपेन दिसला. फोटोत पाहिलेला म्हणून ओळखला. गुडघाभर पाण्यात उभा होता, दाढी वाढलेली. तो पहिल्या बोटीसाठी पहाटेपासून तिथेच थांबला होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. आक्का फळीवरून उतरल्या आणि त्याच्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या.

त्यानेच सांगितलं, "माँ, बेटी हुई है. दोनों ठीक हैं."

आक्का ओल्या वाळूतच खाली बसल्या. दीपेन घाबरून वाकला, तर त्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत घेतलं, त्याच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "जरा बसू दे मला," त्या मला म्हणाल्या.

दवाखान्यात ज्योती उशीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक, पण हसत होती. आक्का दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "चुकलो बाई मी तवा."

"आई," ज्योती म्हणाली, "आधी हिला घे."

आक्कांनी नात घेतली, आणि तो विषय तिथेच संपला. मी तरी तो पुन्हा कधी ऐकला नाही.

मी चार दिवस राहिले. दीपेनच्या आईच्या घराखाली हातमाग होता. घर बांबूच्या खांबांवर उंच, माग खाली सावलीत. आक्कांनी वडगावात लहानपणी हातमागच पाहिलेला. दुसऱ्याच दिवशी दोन्ही विहिणी त्या मागाशी बसलेल्या दिसल्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. एक धागा तुटला की दोघी एकदमच हात पुढे करायच्या. मी निघाले तेव्हा आक्का घाटापर्यंत आल्या आणि त्यांनी मला फक्त एक काम सांगितलं, की आप्पांना सगळं सांग, काही झाकू नको.

वडगावात आल्यावर मी आधी त्यांच्या घरी गेले. आप्पांनी दोन्ही माग बंद केले. मी फलाट, घाट, वाळू, सगळं सांगितलं. ते जमिनीकडे बघत ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "कुणासारखी हाय?"

"नाक तुमचं आहे आप्पा," मी म्हटलं.

आठ दिवसांनी आप्पा माजुलीला निघाले; आम्ही त्यांना रेल्वेत बसवून दिलं. ते पोचले त्या दुपारी आक्कांचा फोन आला. ज्योती पाया पडायला वाकली, तर 'उठ, ओली बाळंतीण तू' एवढंच ते बोलले म्हणे. आता नातीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते, आणि जावई त्यांना पंख्याने वारा घालत होता.

"बरं झालं आक्का," मी म्हटलं. "आता तुम्ही काय करताय?"

"मी जरा झोपतो," त्या म्हणाल्या. "लई दिसांनी झोप आलीया बघ."