गार कॉफीचा शेवटचा घोट

शहरातली कॉफीची दुकानं कुठं, कशी, हे सांगणारी पुस्तिका तो अकरा वर्षं दरसाल लिहीत आला होता. त्याची एक रीत होती. अर्धा कप प्यायचा, उरलेला गार होऊ द्यायचा आणि मग शेवटचा घोट घ्यायचा. गार कॉफी खोटं बोलत नाही, असं तो म्हणे.

मध्यंतरी आलेल्या एका तापानंतर त्याच्या तोंडाची चव गेली, ती परत आलीच नाही. त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

आज तो मेहुणीच्या नव्या दुकानात बसला होता. शेवटचा घोट घेऊन त्यानं वहीत लिहिलं, 'उत्तम.'

मेहुणी लगबगीनं आली. "भावोजी, थांबा. दूध आंबलंय. कप न्यायलाच आले."

तिनं रिकामा कप पाहिला, मग वही.

"चव जाऊन किती दिवस झाले?"

"सहा महिने."

"म्हणजे यंदाची सगळी दुकानं?"

"जुन्या वह्यांतून उतरवली."

तिनं कप उचलला. "माझं दुकान नका घालू त्यात. ताईला आज तुम्हीच सांगा."

त्यानं 'उत्तम'वर रेघ मारली. आता आपल्याला वाईट वाटेल, म्हणून तो वाट पाहत राहिला. काहीच वाटलं नाही.