सुट्टी गुरुवारी, सराव रविवारी

मंडळी, आज डोकं फिरलंय.

आमची स्वरा जिल्ह्याच्या मुलींच्या फुटबॉल संघात निवडली गेली. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी, म्हणून पालकांच्या मीटिंगला स्वराला घेऊन मीच गेलो. सराव दर रविवारी पुण्यात, आणि सोबत पालक हवाच.

मी प्रशिक्षकांना म्हणालो, "सर, आमच्या चाकणकडं कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. रविवारी मी आणि बायको, दोघंही शिफ्टला असतो."

सर म्हणाले, "मुलीसाठी एवढंही जमत नाही?"

सगळे पालक माझ्याकडं वळून बघायला लागले.

स्वराला गाडीवर मागं बसवून आमच्या कुरुळीला परत आलो. घरी उतरल्यावर म्हणाली, "पप्पा, तसंही फुटबॉल मला बोअरच होतं." आणि फुटबॉलचे बूट घासून धुवायला बसली.

रविवारी कामावर जाणाऱ्यांच्या पोरींनी खेळायचंच नाही का, राव?