हातावरचं नाव

मी पुरणपोळीवर तूप सोडत होते. तेवढ्यात जेवायला बसलेल्या एका पाहुण्या बाईंनी माझं मनगट धरलं. भाजीवाल्याकडचं वांगं उलटंपालटं करून बघावं तसा माझा हात त्यांनी उजेडाकडे वळवला.

"थांब गं. काय लिहिलंय हे? दिलीप. नवरा का?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी बोलल्या. वहिनी म्हणजे भोरमधल्या ज्या वकिलांकडे मी स्वयंपाकाला होते, त्यांची बायको.

"नवरा कसला! टाकून गेलाय तो हिला. शिक्का तेवढा राहिलाय."

पंगत हसली. म्हशीच्या कानात बिल्ला मारतात तसंच की हे, असं कुणीतरी म्हणालं. मग आणखी हसली. ज्या हातानं मी सकाळपासून पुरण वाटलं, त्याच हाताला ही माणसं हसत होती. आणि जेवत होती.

वहिनींच्या सईताईचं लग्न ठरलं होतं, त्याचं ते केळवण. सईताई पुण्याला नोकरी करते. तिच्या पाठीवर, खांद्याच्या खाली, एक उडतं पाखरू गोंदलेलं आहे. त्याच पंगतीत, त्याच बाईंनी, अजून माझं मनगट हातात असताना तिला म्हटलं, "सई, तुझा तो पक्षी दाखव ना." सईताईनं ओढणी बाजूला केली. "अय्या, किती नाजूक! किती वेगळं!"

तिचं नाजूक. माझा बिल्ला.

मी हात सोडवून घेतला. तूप वाढलं. कुणाला आणखी पोळी हवी का विचारलं. आतून फाटत होते आणि तोंडानं "वाढू का" म्हणत होते. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

ते नाव मी मागितलं नव्हतं. माझं माहेर हिर्डोशीच्या वरच्या अंगाला. बारावीचा निकाल लागायच्या आत मला वेल्ह्याच्या बाजूला देऊन टाकलं. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत सासू मला गोंदणाऱ्यासमोर घेऊन गेली. बॅटरीवरचं मशीन, एकच सुई, पुढं बायकांची रांग. काय काढायचं, कुठं काढायचं, काढायचं की नाही, मला कुणी विचारलं नाही. सासूनं माझा हात मांडीवर दाबून धरला आणि त्याला म्हणाली, "दिलीप लिव्ह. मोठं लिव्ह. लांबनं दिसलं पायजे."

सुई लागली तशी मी ओरडले. सासूनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "वरडू नगं. नवऱ्याच्या नावाला वरडलं तर त्याला बाधतं."

दिलीप पलीकडं मित्रांबरोबर उसाचा रस पीत उभा होता. त्याच्या अंगावर माझं नाव कुठंच नाही. लिहायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

माझी अनू रांगत होती तेव्हा तो पुण्याला टेम्पोवर गेला. तिथंच दुसरी बाई केली. मला ना फारकत, ना नांदवणं. मी भोरला खोली घेतली, लोकांच्या घरच्या पोळ्या लाटून अनूला वाढवली. ती आता नववीत आहे. आणि इतकी वर्षं पोळी लाटताना, भांडी घासताना, केस विंचरताना ते नाव माझ्या डोळ्यांसमोर. ज्यानं मला टाकली त्याचं नाव मी अंगावर वागवत होते. माझ्याकडं बघितलं की लोक आधी त्याला वाचायचे.

केळवणाच्या दुसऱ्या दिवशी सईताई स्वयंपाकघरात आली. जरा ओशाळली होती. "मावशी, त्याच्यावर दुसरं काहीतरी काढता येतं. खालचं नाव पूर्ण झाकतं. नसरापूरलासुद्धा एक जण करतो."

मी "खरंच?" म्हणेपर्यंत वहिनी मागं येऊन उभ्या. "सई, तिच्या डोक्यात काही भरवू नकोस. आणि तू गं, या वयात कसली थेरं? फुल बाह्यांचे ब्लाउज शीव, झालं."

काल नाव आहे म्हणून हसल्या. आज नाव जाईल म्हणून चिडल्या. म्हणजे नावाचं काही नव्हतंच. माझ्या अंगाचं काय करायचं ते मी ठरवते आहे, हे त्यांना सोसत नव्हतं.

रविवारी माहेरी गेले, आईला आणि भावाला सांगितलं. भाऊ जेवता जेवता थांबला. "याड लागलंय का? त्याचं नाव हातावं हाय म्हणून गावात तुला कोण वाकडं बोलत न्हाई. पुसलंस की बोलायला मोकळे."

आई रडायलाच लागली. "बाई वर जाती तवा तिच्यासंगं निस्तं गोंदाण जातं गं. बाकी समदं हितंच ऱ्हातं."

मला एकदम हसूच आलं. कडू हसू. "म्हंजी आये, वर गेल्यावं तितंबी त्योच?"

आईनं पदर तोंडाला लावला. भाऊ ताट सरकवून उठला. एसटी निघून गेली होती. पुढच्या गावापर्यंत मी चालत आले. चालताना ठरवलं.

नसरापूरला गेले. मोबाईलच्या दुकानावर एक छोटी खोली, त्यात खुर्ची, दिवा आणि कानात बाळी घातलेला एक माणूस. त्यानं माझा हात नीट बघितला. नाव वाचलं, पण काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, काय काढायचं?"

मला उत्तर देता येईना.

खोटं वाटेल, पण इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. नवरा कुठला, भाजी कुठली, साडी कुठली, सगळं कुणीतरी ठरवून दिलेलं. त्यानं वही पुढं केली. मोर, बदाम, गुलाब, देव. मी पानं उलटत राहिले. मला काय आवडतं तेच आठवेना. "परत येते," म्हणाले आणि जिना उतरले. स्टँडवर बसून रागानं रडले. दिलीपवर नाही, वहिनींवर नाही. आपल्याला काय आवडतं हे आपल्याला माहीत नाही, याचा राग.

पुढचे कितीतरी दिवस पोळ्या लाटताना मी तेच शोधत होते. आणि एका सकाळी कणीक मळता मळता सापडलं. लहानपणी आमच्या भातखाचरात मी खेकडे धरायची. बांधाच्या बिळात हात घालायची, कोपरापर्यंत. पोरं काठीनं उकरायची, मी हातानं काढायची. चावला तरी सोडायची नाही. तेव्हा मला कुणाची भीती नव्हती.

त्याच आठवड्यात परत नसरापूर. "खेकडा काढा," मी म्हणाले.

तो हसला, पण वाईट नाही. "खेकडा? अजून कुणी मागितला नाही, ताई."

"मी मागतेय न्हवं?"

"दुखलं तर सांगा. थांबतो."

दुखलं. मी सांगितलं. तो थांबला. परत चालू केलं. एवढीच गोष्ट, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते सुईमुळं नव्हतं. काळाभोर खेकडा, दोन्ही नांग्या उघड्या. आधी ओल्या शाईखाली दिलीप पुसट दिसत होता, मग नांगीच्या काळ्यात गेला. घरी आल्यावर अनूनं लांबून बघितला, जवळ येऊन बघितला. "भारीय, आई," म्हणाली. बास.

खपली पडेपर्यंत मी हात झाकून ठेवला. मग नेहमीच्या अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजात कामाला गेले. त्या दिवशी वहिनींकडं शिंपीण आली होती. सईताई आरशासमोर माप द्यायला उभी होती; तिचा लग्नातला ब्लाउज मागून मोठ्या गळ्याचा शिवायचा होता, पाखरू नीट दिसावं म्हणून. वहिनींची नजर माझ्या हातावर गेली.

"शी! काय घाण करून घेतलीस ही? खेकडा? लग्नात वाढायला येशील तेव्हा फुल बाह्या हव्यात. नाहीतर येऊ नकोस. चार चांगली माणसं येणार आहेत."

मी विचारलं, "वहिनी, सईताईच्या पाखराला बाह्या शिवल्यात का?"

शिंपिणीचा हात थांबला.

"तिची गोष्ट वेगळी आहे."

"कशी वेगळी?"

"तुम्हा लोकांना लाडावून ठेवलं की असं होतं."

मी सईताईकडं बघितलं. तिनंच मला नसरापूरचं सांगितलं होतं. ती आरशात बघत होती.

मी हाताची कणीक धुतली, चप्पल घातली. "बाह्या शिवणार न्हाई. आनि येनारबी न्हाई."

आता भोरहून रोज कामथडीला जाते, हायवेवरच्या खानावळीत भाकऱ्या करते. काम जास्त, पाय सुजतात. गिऱ्हाइकं हाताकडं बघून कुजबुजतात. भाऊ बोलत नाही. उगाच कशाला खोटं सांगू, सोपं काहीच झालेलं नाही.

आणि मधे एकदा दिलीपचा फोन आला. पोरगी तापानं फणफणली तेव्हा ज्यानं फोन उचलला नाही, त्याचा फोन. कुणीतरी त्याला सांगितलं होतं.

"माझं नाव खोडलंस म्हनं? इचारलंस का मला?"

"नाव तुझं आसंल," मी म्हणाले, "हात माझा हाय." आणि ठेवला.

परवा आई भोरला आली. अनूचं नाक टोचून घ्यायचं म्हणून सोनाराशी बोलूनच आली होती. आईच्या भाचीच्या लग्नात पोरगी बिननथीची कशी दिसेल, लोक काय म्हणतील. अनू म्हणाली, "मला नाही टोचायचं." आईनं माझ्याकडं बघितलं. "सांग तिला. तुझं ऐकंल."

माझं ती ऐकेल, हे खरं. म्हणूनच मी काही सांगितलं नाही. आईला म्हणाले, "नाक तिचं हाय."

"मंग पोरगी डोक्यावं बसंल."

"बसू दे."

उद्या अनू म्हणाली की टोचायचंय, तर मी तिला घेऊन जाईन, तिचा हात धरून बसेन. गोंदायचं म्हणाली तर काय गोंदायचं ते तीच सांगेल. आणि नाही म्हणाली, तर सोनार असो, मामा असो, उद्याची सासू असो, आधी मला ओलांडून जावं लागेल. माझ्या आईलासुद्धा. माझ्या पोरीला या घरात "नाही" एकदाच बोलायला लागेल. दुसऱ्यांदा मी बोलेन.