शेवंतीला अंधार लागतो

धुळ्याच्या देवपुरातून फोन आला तेव्हा सकाळचा चहा गाळत होते. अक्कांच्या समोर राहणाऱ्या मंगलाबाई रडत होत्या. "अक्का आपले सोडीसन चालनी गयी वं, ताई..." झोपेतच गेल्या होत्या. मी विचारलं, "तुमचा चहा झाला का?" मग गाळलेला चहा तसाच ठेवून धुळ्याची बस पकडली.

अक्का म्हणजे माझी नणंद. मूळ गाव जळगावजवळचं असोदा, नोकरी धुळ्याच्या शाळेत, लग्न केलं नाही. देवपुरातल्या एका खोलीत त्यांनी सगळा जन्म काढला. माझे यजमान, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, गेले तेव्हा त्या चार दिवस राहून परतल्या. त्यानंतर आमचं नातं सणासुदीच्या फोनपुरतंच उरलं होतं. मागच्या उन्हाळ्यात त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि मी त्यांना जळगावला, मेहरूणच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. रिक्षातून उतरताना त्यांच्या एका हातात काठी होती आणि रिक्षावाल्याच्या हातात शेवंतीची कुंडी.

"हिला सांभाळणारं तिकडे कोणी नाही," एवढंच म्हणाल्या.

आमच्या गॅलरीला सकाळचं ऊन थोडा वेळच मिळतं, मग पलीकडची इमारत ते अडवते. म्हणून मी कौतुकानं कुंडी गच्चीवर नेऊन ठेवली. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन! दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. घाबरून ती दिवाणखान्यात आणली, तर तिथे ती काचेकडे मान लांब करून वाकली, देठ नाजूक झाले, पानं फिकी पडली. अक्का पलंगावरून बघत होत्या. "उन्हात जळते, घरात झुरते," त्या म्हणाल्या. "माझंही तेच चाललंय बघ इथे." मी हसले, पण ते मला लागलं. त्यांनी कायमचं इथेच राहावं असं मला वाटत होतं. ते तोंडाने मात्र कधी निघालं नाही.

पावसाळा सरल्यावर ऊन मऊ झालं. मग रोज सकाळी मी कुंडी गच्चीवर नेई आणि संध्याकाळी खाली गॅलरीत आणून ठेवी, कारण अक्कांना जिना चढवत नव्हता आणि झाड डोळ्यांसमोर हवं होतं. झाड गच्च भरलं, हिरवंगार झालं. नवरात्र आलं तरी कळी मात्र एक नाही.

एका संध्याकाळी अक्का गॅलरीतल्या दिव्याकडे बघत म्हणाल्या, "हा मालवत का नाहीस गं?"

हे गेल्यापासून तो दिवा मी बंद करत नव्हते. कामावरून येताना त्यांना खालूनच तो दिसायचा. आता कोणी येणार नव्हतं हे मला कळत होतं, पण अंधाऱ्या गॅलरीकडे पाठ करून झोपणं जमत नव्हतं. हे सगळं मी अक्कांना कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शेवंतीला दिवसा ऊन लागतं, तसा रात्री पुरता अंधार लागतो. आमच्या कोपऱ्यावर नवा दिवा लागला, त्या वर्षी त्या बाजूच्या कुंड्या फुलल्याच नाहीत. भिंतीआडच्या तेवढ्या फुलल्या..." थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, "माझा भाऊ मलाही हवा होता गं. पण मालव. मी बसते ना तुझ्याजवळ."

मी दिवा मालवला. त्या दिवसापासून संध्याकाळी आम्ही दोघी अंधारात बसू लागलो. एकमेकींचा चेहरा दिसत नसे, म्हणूनच बोलता आलं असावं. त्या लहानपणच्या भावाबद्दल सांगत, केळीच्या बागेत लपून बसणाऱ्या. तो मला ठाऊकच नव्हता. मी त्यांना शेवटच्या आजारपणातला त्यांचा भाऊ सांगे. तो त्यांना ठाऊक नव्हता.

दिवाळीनंतर कळ्या धरल्या. मला वाटलं, आता अक्का राहतील. कळ्या मोजता मोजता त्या म्हणाल्या, "आता मी जाते. चालता येतं मला. झाड राहू दे, कळ्या धरल्यावर जागा बदलली की रुसतं." मी थांबा म्हणाले नाही. म्हटलं असतं तरी त्या थांबल्या नसत्या... असं मी स्वतःला सांगते. पुढे काही आठवड्यांतच मंगलाबाईंचा तो फोन आला. त्या वेळी गॅलरीत शेवंती पिवळीधमक फुलली होती.

दिवसकार्य आटोपल्यावर घरमालकांनी देवपूरची खोली रिकामी करून मागितली. सामान फारसं नव्हतंच. ते हलवून झाल्यावर मी फरशी धुवायला बसले, तर पलंगाच्या कडेपासून, खिडकीखालून, दारापर्यंत आणि पुढे ओट्यावर पांढरट गोल उमटलेले. एकाशेजारी एक, काही एकमेकांवर चढलेले. मंगलाबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ऊन सरके तशी अक्का कुंडी सरकवे. बठ्ठा वरीस, बारा महिने."

साबण लावून घासलं, पण गोल निघेनात. मंगलाबाई घरी गेल्या. त्या एवढ्याशा खोलीत एक बाई एका झाडामागे, एका उन्हाच्या तुकड्यामागे वर्षानुवर्षं फिरत राहिली होती, आणि घरात तिच्याशी बोलायला कोणी नव्हतं. मी ओल्या फरशीवरच बसून राहिले. दुपार कलली. खिडकीतून ऊन आत आलं, माझ्या गुडघ्यावर पडलं. शेजारच्या गोलावर माझी सावली पडली होती.

मी पदर सावरला आणि बाजूला सरकले.