हिवाळ्यात चढणारं वजन

माझं वजन दर हिवाळ्यात वाढतं, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ब्लाउज दंडात काचायला लागायचे, ऑफिसचा जिना चढताना मधेच कठड्याला हात लावून थांबावं लागायचं, पण ते वयामुळं असेल असं मी धरून चालले होते. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गुडघा दाखवायला गेले, तेव्हा डॉक्टरबाईंनी माझे जुने केसपेपर उलटून पाहिले. म्हणाल्या, उन्हाळ्यात येता तेव्हा ठीक असता आणि संक्रांतीनंतर येता तेव्हा जड झालेल्या असता. चढलेलं थोडं उतरतं, थोडं अंगावरच राहतं. साखरही आता काठावर आली होती. मी घाबरलेली पाहून त्या जरा हसल्या.

"या हिवाळ्यात कमी केलं नाहीत तरी चालेल," त्या म्हणाल्या. "फक्त वाढू देऊ नका."

ऐकायला सोपं होतं. पण सोलापुरात हिवाळा म्हणजे काय असतं ते त्यांनाही ठाऊक असणार. आठ महिने ऊन सोसल्यावर कुठं दोन घास गोड लागायचे दिवस येतात. दिवाळीचा फराळ डब्यात असतो तोवर लग्नाचे मुहूर्त सुरू होतात. मग ऑफिसात डिसेंबर अखेरीचा केक, कुणाच्या तरी शेतावर हुरडा, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. घरोघरी शेंगांच्या पोळ्या, त्यावर तूप. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसायला माझं वय उरलं नाही, पण भज्यांच्या गाड्यासमोर वय आड येत नाही. सात रस्त्याला आमचं ऑफिस. तिथल्या प्रत्येक टेबलावर या दिवसांत काही ना काही उघडं ठेवलेलं असतं आणि नको म्हटलं तर समोरच्याचं तोंड उतरतं.

हे सगळं मी कसंही निभावून नेलं असतं. माझी खरी अडचण आक्का होती.

आक्का माझी थोरली बहीण. तिला दुधनीकडच्या एका खेड्यात दिलेलं. अर्धं गाव मराठी बोलतं, अर्धं कानडी, आणि आक्काचा संसार दोन्हीत चालायचा. रानात ज्वारी, तुरी, हरभरा. दावणीला दोन म्हशी, दारात शेरडं. मी लग्नानंतर शहरात आले, नोकरीला लागले, पण हिवाळा आला की माझी पावलं तिच्याकडं वळायची. मार्गशीर्षातली येळ अमावस्या, म्हणजे उभ्या पिकाच्या पूजेचा सण, तिच्या रानात आणि त्यापुढं महिनाभर जमेल तेव्हा हुरड्याला, हा ठरलेला क्रम. आमचे हे आणि मुलगी कधी यायचे, कधी नाही. मी मात्र चुकवायची नाही.

मी जन्मले तेव्हा फार अशक्त होते म्हणे. आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि मला सांभाळायचं काम आक्काकडं. तीही लहानच होती. एकदा अक्कलकोटच्या दवाखान्यात कुणीतरी आईला म्हणालं की या पोरीच्या अंगाला मांस कसं ते नाही, हिचं काही खरं दिसत नाही. आईनं ते ऐकून सोडून दिलं असेल, तिला पुढं इतर व्याप होते. आक्कानं सोडलं नाही. भाजलेल्या शेंगा ती स्वतः चावून मऊ करायची, त्यात गूळ घालायची आणि मला भरवायची. मला दात आले तरी भरवायची. शाळेत जाताना तिच्या मुठीत माझ्यासाठी काहीतरी असायचंच. पुढं मी नोकरीला लागले, मुलीची आई झाले, मुलीचं लग्न करून मोकळी झाले, तरी मी एस. टी.तून उतरले की ती मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायची आणि म्हणायची, "लई वाळलीस की."

अशा बाईला कसं सांगायचं, की मला आता वाढवू नको.

त्या वर्षी येळ अमावस्येला निघण्याआधी मी घरी पोटभर खाऊन घेतलं. काकडी, गाजर, मोड आलेली मटकी. भूकच नसली तर मोह होणार नाही, असा माझा हिशेब. रानात पोचले तर ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कणसं दुधावर आलेली. मधोमध कडब्याची खोप उभी केलेली, आत पूजेचे पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले. खोपीपुढं गोधडी पसरली होती आणि तिच्यावर दुरड्या. वेगवेगळ्या डाळी आणि हिरव्या शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी, मडक्यात आंबिल. आक्कानं मला पाहिलं, न्याहाळलं आणि ते नेहमीचं वाक्य बोलली.

मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. साखर, गुडघा, केसपेपर. ती रागावेल, निदान रुसेल, अशी माझी तयारी होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पदरानं हात पुसले आणि विचारलं, "त्या बाईनं ज्वारी बंद केली का?"

नाही म्हटलं.

"आंबिल?"

आंबिल कशाला बंद करेल.

"मग बस की हितं."

तिनं माझ्या पानात भज्जी वाढली, उंडा अर्धा मोडून ठेवला, खीर चमचाभर. दुसऱ्यांदा कुणी दुरडी घेऊन माझ्याकडं वळलं की ती कानडीत काहीतरी म्हणायची आणि ते माणूस पुढं जायचं. जेवण झाल्यावर सगळे सावलीला लवंडले. आक्कानं आंबिलाचं मडकं उचललं आणि मला म्हणाली, चल, रानाला आंबिल शिंपायचंय. ते काम दर वर्षी बाप्ये करतात. त्या वर्षी आम्ही दोघी निघालो. बांधाबांधानं ती पुढं, मी मागं. ती तुरीच्या डहाळीनं आंबिल शिंपडायची आणि मोठ्यानं आरोळी द्यायची. तिचं रान एवढं मोठं आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं, कारण मी कायम खोपीपाशी बसून खाल्लेलं. अर्ध्यावर माझा गुडघा बोलायला लागला. ती थांबली, माझ्याकडं वळली नाही, समोर ज्वारीकडं बघत म्हणाली, "तुला खायला घालायचं एवढंच मला येतंय. दुसरं काय येत न्हाय. पर चालायला लावीन."

त्या हिवाळ्यात ती मला प्रत्येक खेपेला चालायला लावत राहिली. हुरड्याला बोलवायची, आगटीभोवती बसवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यातली कणसं हातावर चोळून गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकायची. शेंगांची चटणी भरपूर, गुळाचा खडा सुपारीएवढा. मग ओढ्यापर्यंत चाल. वाटेत ती माझ्याशी जे बोलली ते आधीच्या सगळ्या वर्षांत बोलली नव्हती. लग्न ठरलं तेव्हा तिला शाळा सोडायची नव्हती. नवऱ्यानं तिच्यावर कधी हात उगारला नाही, पण गोड शब्दही कधी दिला नाही. मला शहरात देताना ती घराच्या मागं जाऊन रडली होती. खाताना माणसं एवढं बोलत नाहीत. खाताना आम्ही फक्त घे, नको, थोडं तरी, एवढंच बोलत आलो होतो.

संक्रांतीनंतर डॉक्टरबाईंनी वजन केलं. वाढलं नव्हतं. कसं जमवलंत असं त्यांनी विचारलं. बहिणीनं जमवलं, असं मी म्हणाले.

असे आणखी दोन हिवाळे मिळाले. मग भाऊजी गेले. आक्काच्या कमरेचं दुखणं वाढलं, म्हशींचं होईना. तिचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, भला मुलगा आहे. तो येऊन तिला घेऊन गेला. म्हशी विकल्या, शेरडं जावेकडं गेली, रान वाट्यानं करायला दिलं. निघायच्या दिवशी मी गेले होते. ती दारात बसून होती आणि घरात शिल्लक राहिलेल्या शेंगा फोडून माझ्या पिशवीत भरत होती. शेंगा पुण्याला मिळतात, असं तिला मुलगा म्हणाला होता. तिनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

मागचा हिवाळा तिच्यावाचून गेला. येळ अमावस्येला मी ऑफिसात होते. दुपारी डबा उघडला, त्यात पोळी आणि पालेभाजी. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी बर्फी पुढं केली आणि मी नको म्हणाले. मला खरंच नको होती. हुरड्याला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. त्यातल्या एका ठिकाणी गेले. गाड्या लावायला जागा केलेली, खुर्च्या मांडलेल्या, कणसं भाजायला माणूस ठेवलेला, प्लेटमध्ये दाणे, चार तऱ्हेच्या चटण्या. चांगला होता हुरडा. मी मूठभर खाल्ला आणि आमचे हे जेवत होते तोवर लांबच्या बांधापर्यंत चालत गेले. तिथून मागं वळून पाहिलं तर मला हाक मारणारं कुणी नव्हतं.

आक्कानं चालायला लावल्यापासून मी सकाळी तलावाकाठी फिरायला जाऊ लागले होते, ते मोडलं नव्हतं. थंडीत पाण्यावर धूर असतो, कानटोपी घातलेली माणसं वेगानं चालत असतात. मीही चालायची. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच काही न ठरवता, काही न टाळता, माझं वजन उतरलं. चांगलं तीन किलो. डॉक्टरबाई खूश झाल्या. मी घरी येऊन कपडे न बदलता बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले.

भोगीच्या आधी मी ह्यांना म्हटलं, मला पुण्याला जायचंय. पण त्याआधी एक दिवस दुधनीची गाडी धरली. रान वाट्यानं करणाऱ्या जोडप्याला मी आधी एकदाच भेटले होते. मी आक्काची बहीण म्हटल्यावर त्या बाईनं काही न विचारता विळा घेतला, ज्वारीत शिरली आणि कवळी कणसं काढून ओल्या फडक्यात बांधून दिली. रान चांगलं ठेवलं होतं. मी तिला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "आक्का फोन करून इचारत्यात की रोज."

पुण्यात लिफ्टनं वर गेले. आक्काच्या सुनेनं दार उघडलं. आक्का सोफ्याच्या टोकाला शाल गुंडाळून बसली होती आणि मी ओळखू नये इतकी बारीक झाली होती. गळ्याची हाडं वर आलेली, बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या. सून काळजीनं सांगत होती, की सगळं करून बघितलं, डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. भूकच लागत नाही म्हणतात. दोन घास खातात आणि ताट सरकवतात.

मी फडकं सोडलं. कणसांचा वास आला तशी आक्का शाल सोडून पुढं सरकली. एक कणीस हातात घेऊन तिनं नखानं दाणा दाबून पाहिला.

"आपल्या रानातलं?"

"तुझ्याच. खालच्या तुकड्यातलं."

गॅसवर जाळी ठेवून मी कणसं भाजली. घरभर धूर झाला, सुनेनं खिडक्या उघडल्या आणि हसत बाजूला बसली. चोळताना माझे हात पोळले. मला सवय नव्हती, हे काम कायम तिचं. दाणे फुंकून मी तिच्या ओंजळीत टाकले. तिनं एक एक करून तोंडात टाकले. मी आणखी चोळले. तिनं तेही खाल्ले. मग ओंजळीतले अर्धे दाणे माझ्यापुढं धरले. मी घेतले. सुनेनं चटणी आणली, गूळ आणला. मी गुळाचा खडा किती घेतेय ते आक्कानं पाहिलं, पण अडवलं नाही, आणि मीही त्या दिवशी मोजून घेतला नाही.

संध्याकाळी आम्ही खाली उतरलो. इमारतीभोवती फरशीची वाट आहे, म्हातारी माणसं तिथं फेऱ्या मारतात. आक्का माझ्या दंडाला धरून चालत होती. एका बाजूला गाड्या, दुसऱ्या बाजूला मुलांची घसरगुंडी. ती विचारत होती, ओढ्याला पाणी आहे का, बांधावरची बोर लागली का, पाखरं फार येतात का. मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. जे पाहिलं नव्हतं ते पुढच्या खेपेला बघून सांगते म्हटलं.

"पुढल्या येळ अमावस्येला मला न्हे," ती म्हणाली. "पोरगं न्हाय म्हनंल. तू न्हे."

मी हो म्हणाले. तिच्या कमरेला तेवढा प्रवास सोसेल की नाही ते मला ठाऊक नाही, तिच्या मुलाला अजून विचारलेलंही नाही. पण परत आल्यापासून मी महिन्यातून एकदा दुधनीला जाते, बांधानं फिरते आणि तिथून तिला फोन लावते. ती विचारते, समोर काय दिसतंय. मी सांगत जाते, चालत जाते. आता ज्वारी निघाली आहे, रान मोकळं आहे, उन्हं तापायला लागली आहेत. हिवाळा यायला अजून पुष्कळ अवकाश आहे.